पाठवणाऱ्याचं नाव

प्रिय विहंग,

माझं अक्षर तू ओळखशील की नाही, मला शंका आहे. एकाच ऑफिसात, एकाच मजल्यावर बसणाऱ्या माणसांवर एकमेकांना हाताने लिहायची वेळ येत नाही. साखरपुडा झाल्यावरही आपण दिवसभर मेल करायचो आणि संध्याकाळी माझगावचा उतार उतरताना उरलेलं बोलायचो. तेव्हा हे माझं तुला पहिलंच पत्र. निवांत बसून वाच. मध्येच उठू नकोस.

आधी घरची खबर देते. अप्पा बरे आहेत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. आता गॅलरीत उभे राहून समोरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतात, कोणी विचारलेलं नसतानाही. गिरणी बंद पडल्यावर लालबागला मसाला कुटणाऱ्याच्या दुकानात त्यांनी इतकी वर्षं काढली, की अजूनही जिन्यातून वर येतानाच सांगतात, कोणाच्या घरी बेडगी मिरची पडली आहे आणि कोणाच्या घरी संकेश्वरी. आमची चाळ आता पाडायची आहे. सगळ्या मजल्यांवर बांधाबांध चाललेली आहे. आमच्या माळ्यावरून आईची तांब्याची भांडी निघाली, माझी शाळेची छत्री निघाली, आणि आपल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला. वाटायच्या राहिलेल्या होत्या त्या. मी काही बोलायच्या आत अप्पांनी तो गठ्ठा उचलला आणि शेजारच्या पोरांना मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला देऊन टाकला. आता आमच्या मजल्यावर आपल्या नावांच्या पाठीवर हत्ती आहेत, होड्या आहेत, एक बुलडोझरसुद्धा आहे.

त्या पत्रिका छापल्या तेव्हा मी हेल्पडेस्कला होते आणि तू खलाशांच्या भरतीच्या विभागात. एक दिवस तुला डायरेक्टरसाहेबांच्या नावाने मेल आला, की श्री. विहंग यांना समुद्र बघण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करण्यात येत आहे. तू दचकून माझ्या टेबलाशी आलास. मी हसले तेव्हा तुला कळलं, की तो मीच पाठवला होता. मग मी तुला दाखवलं कसं ते. मेलच्या प्रोग्रॅममध्ये पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहायची जागा असते, तिथे आपलं खोडून दुसऱ्याचं लिहायचं, बस्स. आपला सर्व्हर ऑफिसातल्या कुठल्याही संगणकावरून आलेला मेल गुपचूप पुढे पाठवायचा. पाठवणारा खरोखर तोच माणूस आहे का, हे तो विचारतच नसे. पासवर्ड मागत नसे, नाव पडताळत नसे. मी हे वरच्यांना दोनदा लेखी कळवलं होतं. सर्व्हर सांभाळायला बाहेरचा माणूस येत असे, तो म्हणाला होता, मॅडम, आतली माणसं आपलीच आहेत. ही फट मी ऑफिसात फक्त एका माणसाला करून दाखवली. तुला. कारण तू माझा माणूस होतास.

लग्नाला महिना राहिला असताना तुझा फोन येणं बंद झालं. ऑफिसात तू बाहेरच्या कामावर गेलेला असायचास. मला वाटलं, तयारीची धावपळ असेल. आई नसल्यामुळे आमच्याकडे सगळं अप्पाच करत होते. एकटे दादरला जाऊन शालू घेऊन आले होते, दुकानदाराने दाखवलेला पहिलाच, आणि दिवसभर तो उघडून बघत होते. दोन आठवडे गेल्यावर तुझ्या मामांचा फोन आला, की तुमच्या मुलीने जे लिहिलं आहे त्यानंतर हे लग्न होणे नाही. काय लिहिलं आहे, हे मला आमच्या चाळीतल्या एका बाईच्या मोबाइलवर वाचायला मिळालं. फोटो काढून पाठवलेला मेल, इथून तिथून फिरत फिरत माझ्याकडे सर्वांत शेवटी आलेला. वर माझं नाव, माझा ऑफिसचा पत्ता, आणि पाठवलेला तुझ्या आईंना. खाली तुझ्या आईबद्दलची ती वाक्यं.

ती वाक्यं मला पाठ आहेत. तुलाही असतील. तुमच्या घरात श्वास घ्यायला जागा नाही. तुम्हाला सून नको, प्रेक्षक हवा आहे. आजारी नवऱ्याची सेवाही तुम्ही त्याच्यासाठी करत नव्हतात, भेटायला येणाऱ्यांनी बघावी म्हणून करत होतात. पाहुण्यांची चाहूल लागली की तेवढी चादर बदलायचात. तुमच्यासारख्या बाईच्या हाताखाली मला नांदायचं नाही.

मी तुला गाठलं, तेव्हा तू खाली बघून बोललास. म्हणालास, अनुजा, तू रागात लिहिलं असशील, मी समजू शकतो, पण आईला मी काय तोंड दाखवू? मी सांगितलं, हे मी लिहिलेलं नाही, मला मूळ मेल दाखव. तू म्हणालास, आई बघून बघून रडत होती म्हणून मी तो पुसायला लावला. मी सर्व्हरची नोंद मागायला गेले. त्या बाहेरच्या माणसाने सांगितलं, नोंद आठवडाभरच राहते, मग आपोआप जाते. आणि तू तर घरातल्या सगळ्यांना दोन आठवडे गप्प बसवलं होतंस. मला विचारू नका, मी बघतो, असं सांगून. तेव्हा मला ते तुझं मोठेपण वाटलं होतं.

तू काय केलंस हे त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. ते करता येतं हे माहीत असलेला दुसरा माणूस ऑफिसात नव्हताच. पण माझ्याकडे पुरावा नव्हता आणि तुझ्याकडे दुःखी चेहरा होता. अपमान झालेला मुलगा, गप्प राहणारा, कोणाची तक्रार न करणारा. कॅन्टीनमध्ये लोक तुझ्या टेबलावर येऊन बसत आणि माझ्या टेबलावरून उठून जात. मी नोकरी सोडेन असं सगळ्यांनी धरलं होतं. तूही धरलं असणार. त्यानंतर आमच्याकडे आलेली दोन स्थळं त्या मेलच्या फोटोमुळेच परत गेली. एका मुलाच्या काकूने तर तोंडावर विचारलं, आमच्याबद्दलही लिहिशील का गं?

तुला लग्न नको होतं, एवढंच ना? तसं तू मला सांगितलं असतंस तर मी रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या, आणि संपलं असतं. पण तुला नकारही हवा होता आणि तो दुसऱ्याच्या तोंडून हवा होता. माझं तोंड तुला सोयीचं पडलं. डिलाईल रोडच्या चाळीतली मुलगी, उद्धट असणारच. तुमच्या गिरगावात ते पटायला किती वेळ लागतो?

अप्पांनी मला एकदाच विचारलं, तू लिवलंस? मी नाही म्हटलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. शालू मात्र त्यांनी परत केला नाही. तो आईच्या पेटीत गेला.

मी वाट बघायला शिकले. करोनात सगळे घरी बसले तेव्हा मी सर्व्हरचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिल्या. तो बाहेरचा माणूस कंटाळून निघून गेला तेव्हा त्याचं काम माझ्याकडे आलं. मग मागच्या वर्षी बाहेरच्या कोणीतरी डायरेक्टरसाहेबांच्या नावाने मेल करून खलाशांच्या पासपोर्टच्या प्रती मागवून घेतल्या, आणि आपल्या भल्या माणसांनी त्या पाठवूनही दिल्या. साहेबांचं धाबं दणाणलं. मला बोलावून म्हणाले, तू पूर्वी काहीतरी सांगत होतीस ना? तेच आता कर.

मी केलं. बाहेरून येणारा मेल खरोखर त्या कंपनीच्या सर्व्हरवरूनच आला आहे का, हे तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. आणि आतून निघणारा प्रत्येक मेल लॉगिन केल्याशिवाय घ्यायचा नाही. लॉगिन ज्याचं, पाठवणाऱ्याच्या जागी नावही त्याचंच हवं. दुसऱ्याचं दिसलं तर मेल तिथल्या तिथे परत, आणि एक सूचना माझ्याकडे. साहेबांना मी सांगितलं, हे कंपनीच्या सुरक्षिततेसाठी आहे. ते खोटं नव्हतं. पण तो शेवटचा नियम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कंपनी नव्हती, तू होतास. मला माहीत होतं, एकदा ज्याचं भागलं तो पुन्हा तेच करणार. परिपत्रक मी सगळ्यांना पाठवलं, तुलाही. तू कॅन्टीनमध्ये म्हणालास म्हणे, आणखी एक पासवर्ड, या बाईला दुसरं काम नाही. तू ते पूर्ण वाचलंच नाहीस. तू माझं कधीच काही पूर्ण वाचलं नाहीस.

मग तुमच्या विभागप्रमुखाची जागा निघाली. तू होतास आणि पुष्कर होता. पुष्करचे वडील वारले म्हणून तो गावी गेला होता, तेराव्यापर्यंत येणार नव्हता. आणि माझ्यासमोर सूचना येऊन पडली. पुष्करच्या नावाने डायरेक्टरसाहेबांना मेल: घरच्या परिस्थितीमुळे या पदासाठी माझा विचार होऊ नये. लॉगिन विहंगचं. सर्व्हरने तो परत केला. परत आलेल्या मेलमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते वाचायला थांबायला हवं. तुला वाटलं असणार, पत्ता चुकला. तू पुन्हा पाठवलास. मग पुन्हा. मी खुर्चीत बसून बघत होते. आणि मी तुला खरं सांगते, मला आनंद होत होता. बापाच्या सुतकात बसलेल्या माणसाचं नावही तुला सोडवलं नाही, याचा राग मला नंतर आला. पहिल्यांदा आनंदच झाला.

साहेबांसमोर तू काय काय सांगितलंस ते मला कळलं. मी तुझ्यावर डूख धरून आहे, मीच हे घडवून आणलं, सर्व्हर माझ्याच हातात आहे. साहेबांनी बाहेरचा तपासनीस बोलावला. त्याने तुझ्याच संगणकावर ते सगळे मेल दाखवले, न पोहोचलेले, ओळीने पडलेले. पुष्करने गावाहून फोन केला होता, त्याने फक्त एवढंच विचारलं, की मी परत येईन तेव्हा विहंग ऑफिसात असेल का? तू नव्हतास. राजीनामा द्यायला तुला एक दिवस दिला होता. तो राजीनामा मात्र तुझ्या नावाने, तुझ्याच लॉगिनवरून गेला. मी तपासला.

इथवरचं तुला ठाऊक आहे. यापुढचं नाही.

तू ऑफिस सोडल्यावर मी गिरगावात तुझ्या घरी गेले. तू नसतोस ती वेळ बघून. तुझ्या आईंनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत घ्यावं की नाही या विचारात तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, राजलक्ष्मीकाकू, मला पाणी नको, काही नको. तो मेल तुम्ही खरंच पुसला होता का, एवढं सांगा. त्या म्हणाल्या, "नाही. पुसायला कोणी सांगितलं होतं? मी तो अजून वाचते. आपल्याबद्दल कोणी काय म्हटलं ते माणसाने विसरू नये."

मी त्यांना मेल उघडायला सांगितलं. प्रत्येक मेलच्या पोटात काही ओळी असतात, रोज वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. मेल कुठून निघाला, कुठल्या सर्व्हरवरून गेला, हे त्यात लिहिलेलं असतं. आपल्या ऑफिसातल्या संगणकांना बंदरांची नावं होती, तुला सांगायला नको. माझ्या संगणकाचं नाव वेंगुर्ला. त्या ओळीत वेंगुर्ला नव्हतं, देवगड होतं. काकूंना मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, घरी येऊन सांगायचा, आज माझं देवगड बंद पडलं, आज माझं देवगड हळू चाललंय.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "चादरीची गोष्ट त्याने तुला सांगितली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचे यजमान आजारी होते तेव्हा मी विहंगला ओळखतही नव्हते."

"मला वाटायचं, त्याने तुला काही वेगळं सांगितलं असेल आणि तू त्याचा असा अर्थ काढलास. मी तुला तेवढी सूट देत होते." त्या जमिनीकडे बघत होत्या. "म्हणजे हे त्याचंच मत आहे."

तू तुझ्या आईबद्दल खरोखर काय विचार करतोस, हे त्या दिवशी तिला कळलं, विहंग. माझ्या नावाआड लपून तू जे लिहिलंस ते खरं म्हणजे तुझं होतं. इतकी वर्षं त्या ते एका परक्या मुलीचं म्हणून सहन करत होत्या. मी ते उचलून त्याच्या मालकाच्या नावावर ठेवलं. तुझ्या नोकरीचं मला फारसं काही वाटलं नाही, पण काकू जमिनीकडे बघत बसल्या तेव्हा माझं समाधान झालं, आणि त्यांच्याकडे बघवलंही नाही. दोन्ही खरं आहे.

आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी अप्पांनी कधीच सांगितली नव्हती. लग्न मोडल्यावर अप्पा गिरगावात आले होते. धुतलेला सदरा घालून, नारळ घेऊन, एकटे. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी तुझ्या आईची हात जोडून माफी मागितली. मुलीने लिहिलं की नाही देवाला ठाऊक, पण तुमच्या मनाला लागलं आहे, म्हणून. आणि तू आईच्या मागे उभा होतास. तू म्हणालास, "अप्पा, तुमची काही चूक नाही. फक्त मुलीला जरा समजवा."

माझं सगळं मी कधीतरी विसरले असते. हे वाक्य नाही विसरणार.

काकू पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या. अप्पांच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सरळ हात जोडले. म्हणाल्या, माझ्या मुलाने केलं. अप्पा गडबडले. आधी मला चहा ठेवायला सांगितला. मग त्यांना म्हणाले, "तुम्ही कित्याक माफी मागतात? तुम्ही लिवला नाय, माझ्या चेडवान लिवला नाय. म्हातारे माफी मागत फिरतत आणि लिवणारो मोकळो." काकूंना मालवणी येत नाही, पण एवढी कळली. गॅसजवळ उभी राहून मी रडले. मुलीने लिहिलं नाही हे अप्पांनी परक्या माणसासमोर मोठ्याने म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ते इतकी वर्षं माझ्यावर विश्वास ठेवून होते की नव्हते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तू हेही माझ्याकडून नेलं होतंस.

काकू आता आमच्याकडे अधूनमधून येतात. तुला त्या सांगत नाहीत. तुझ्याशी त्या जेवणापुरतं आणि औषधापुरतं बोलतात, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कारण तुला विचारता आलं नाही, आणि त्यांना सांगवलं नाही. ते कारण हे.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. मागच्या रविवारी एक मुलगी मला भेटायला आली. आम्ही दादरला चौपाटीच्या कट्ट्यावर बसलो. तिचं नाव अवनी. दिवाळीनंतर तिचं तुझ्याशी लग्न ठरलं आहे. तू तिला सांगितलं आहेस, की पहिल्या मुलीने एक क्रूर मेल लिहून तुला सोडलं, आणि नोकरीही तिच्याच कारस्थानामुळे गेली. तिने ऐकून घेतलं, पण तुझी आई लग्नाबद्दल एक अक्षर बोलत नाही, हे तिला खटकलं. म्हणून तिने मला शोधलं. मला म्हणाली, मला फक्त खरं काय ते सांगा. मी म्हटलं, तुला पाठीमागे सांगितलं तर ती चुगली होईल, आणि त्याला माझं नाव घेऊन आणखी एक गोष्ट रचता येईल. मी त्याला लिहिते. तू आधी वाच, काकूंना दाखवून खरं-खोटं कर, आणि मग स्वतःच्या हाताने त्याला दे. तो वाचत असताना समोर बसून राहा. त्याचा चेहरा बघ. लग्न करायचं की नाही ते त्यानंतर तुझं तू ठरव. तेव्हा विहंग, हे पत्र तुला अवनीनेच दिलं आहे आणि यातला शब्द न् शब्द तिने तुझ्याआधी वाचला आहे. ती समोर आहे. या वेळी तुझ्याऐवजी बोलायला कोणी नाही. मान वर कर आणि तिला उत्तर दे.

तुझी म्हणवून घेण्यातून सुटलेली,
अनुजा